छातीचे डॉक्टर: अ‍ॅलन हार्ट यांची गोष्ट

रिपोर्ट हातात घेऊन मी 'टीबी' हा शब्द उच्चारला की पुढचा प्रश्न बहुतेक वेळा औषधांचा नसतो. बरोबर आलेले नातेवाईक आधी केबिनचं दार लागलंय ना ते बघतात आणि हळू आवाजात विचारतात, डॉक्टर, हे फाइलवर लिहायलाच हवं का? मुलीचं लग्न ठरायचं असतं, कुणाची नोकरी नवी असते, कुणाला चाळीतल्या शेजाऱ्यांची भीती असते. तुमच्या घरात हा आजार येऊन गेला असेल, तर ही कुजबुज तुम्हाला माहीत आहे.

अशा वेळी मला एका अमेरिकन डॉक्टरची आठवण होते. त्यांचं नाव डॉ. अ‍ॅलन हार्ट. बाहेरून काहीच दिसत नसताना एक्स-रे काढून क्षयरोग शोधायचा, ही पद्धत ज्या डॉक्टरांनी गावोगाव नेली, त्यांच्यापैकी ते एक. लोक आजार का लपवतात, हे त्यांना इतर डॉक्टरांपेक्षा जास्त कळत होतं, कारण त्यांना स्वतःलाही आयुष्यभर एक गोष्ट लपवावी लागली. हार्ट ट्रान्सजेंडर होते. जन्मावेळी त्यांची नोंद मुलगी म्हणून झाली होती, पण ते पुरुष म्हणून जगले, दोनदा लग्न केलं आणि ४० वर्षांहून अधिक काळ डॉक्टरकी केली.

बालपण: घरात मोकळीक, बाहेर अडचण

हार्ट यांचा जन्म ४ ऑक्टोबर १८९० रोजी अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात झाला. ते दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा वडील टायफॉइडने गेले. त्या काळी टायफॉइडवर औषध नव्हतं, प्रतिजैविकं यायला अजून ५० वर्षं होती. आई मुलाला घेऊन ओरेगन राज्यात माहेरच्या माणसांकडे आली.

आजोबांच्या शेतावर अ‍ॅलन मुलासारखाच वाढला. मुलांचे कपडे घालावेत, केस कापावेत, शेतातली मुलांची कामं करावीत, हे त्याला लहानपणापासून हवं होतं. आजी-आजोबांनी त्याला नातू म्हणूनच वागवलं. शाळेत मात्र मुलीचे कपडे सक्तीचे होते. घरी एक आणि बाहेर दुसरं, अशी दोन आयुष्यं त्याच्या वाट्याला फार लवकर आली.

इथे एक गोष्ट समजून घ्या. जन्मावेळी शरीर पाहून जे लिंग नोंदवलं जातं, ते बहुतेकांना आपलंच वाटतं. काही जणांना तसं वाटत नाही आणि ही जाणीव अनेकदा लहान वयातच येते. हा हट्ट नाही, वाईट संगतीचा परिणाम नाही आणि आईवडिलांच्या संगोपनातली चूकही नाही. आजचं वैद्यकशास्त्र याला मानसिक आजार मानत नाही. हार्ट यांच्या काळात मात्र यासाठी धड शब्दही नव्हता.

पदवी मिळाली, पण जुन्या नावावर

ऑल्बनी कॉलेजमधलं शिक्षण पूर्ण करून हार्ट पोर्टलंडच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेले. १९१७ मध्ये ते वर्गात पहिले आले आणि त्यांना पदकही मिळालं. आनंदाचा दिवस, पण पदवीच्या कागदावर नाव होतं ते जन्मावेळचं, मुलीचं. डॉक्टरसाठी पदवी हा रोजीरोटीचा कागद असतो. नोकरी मागायला जायचं तर तो दाखवावा लागतो. तो कागद दाखवला की गुपित उघडं पडणार, नाही दाखवला तर काम मिळणार नाही. या कचाट्यातून ते बराच काळ सुटले नाहीत.

डॉक्टर स्वतः रुग्ण झाला तेव्हा

त्याच सुमारास हार्ट पोर्टलंडमधल्या डॉ. जोशुआ अ‍ॅलन गिल्बर्ट यांच्याकडे गेले. मनाच्या आजारांवर उपचार करणारे हे डॉक्टर. सुरुवातीला गिल्बर्ट यांनी संमोहनाने हार्ट यांचं मन बदलता येतं का, हे पाहिलं. त्यातून काही निष्पन्न झालं नाही. मग हार्ट यांनी स्पष्ट सांगितलं की त्यांना पुरुष म्हणूनच जगायचं आहे आणि गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया हवी आहे.

गिल्बर्ट बराच काळ राजी नव्हते. त्यांना पटवताना हार्ट यांनी असाही मुद्दा मांडला की आपल्यासारख्या माणसाला मूल न होणंच बरं. हे वाचून तुम्हाला खटकेल. त्या काळात कुणाला मुलं व्हावीत आणि कुणाला होऊ नयेत हे शास्त्राच्या नावाखाली ठरवण्याचं खूळ अमेरिकेत जोरात होतं, आणि डॉक्टरला पटेल अशी भाषा त्यांना वापरावी लागली. शेवटी शस्त्रक्रिया झाली. अमेरिकेत स्वतःच्या लिंगओळखीसाठी कुणी अशी शस्त्रक्रिया करून घेतल्याच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक आहे. हार्ट यांनी केस कापले, पुरुषांचे कपडे घातले आणि अ‍ॅलन या नावाने नवं आयुष्य सुरू केलं.

१९२० मध्ये गिल्बर्ट यांनी ही हकीकत नाव न देता, फक्त 'एच' एवढं आद्याक्षर वापरून, एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. त्या काळाच्या मानाने त्यांनी रुग्णाची बाजू बरीच समजून घेतली होती. शरीर मनाला साजेसं करणं शक्य असेल तर तो मार्ग का नाकारायचा, हे एका डॉक्टरला १०० वर्षांपूर्वी पटलं होतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ओळख पटली की गाव सोडायचं

१९१८ मध्ये हार्ट यांनी इनेझ स्टार्क हिच्याशी लग्न केलं. त्याच वर्षी त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. डॉक्टरांचं खाजगी आयुष्य लोकांच्या करमणुकीचा विषय झालं. पुढे ओरेगनच्या किनाऱ्याजवळ गार्डिनर नावाच्या छोट्या गावात त्यांनी दवाखाना टाकला. तिथे जुन्या ओळखीतल्या एकाने त्यांना ओळखलं आणि चालू लागलेला दवाखाना बंद करून त्यांना निघावं लागलं.

मग मोंटाना राज्यातलं हंटली हे आडगाव. तिथे पेशंट होते ते शेतकरी आणि गुरं पाळणारे. १९२० मध्ये शेतमालाचे भाव कोसळले आणि त्यांच्याबरोबर डॉक्टरचीही मिळकत संपली. पुन्हा नवं गाव, नवी नोकरी. सतत पळापळ आणि कोणी ओळखेल ही भीती, यात संसार टिकला नाही. १९२३ मध्ये इनेझ सोडून गेली आणि १९२५ मध्ये घटस्फोट झाला. त्याच वर्षी हार्ट यांनी एडना रडिक यांच्याशी लग्न केलं. ही सोबत मात्र हार्ट यांच्या मृत्यूपर्यंत, ३७ वर्षं टिकली.

या वर्षांत हार्ट कोणत्या चुकीची शिक्षा भोगत होते? रुग्णावर चुकीचा उपचार केला, फसवलं, असा ठपका त्यांच्यावर नव्हता. ते कोण आहेत हे कळणं, एवढंच गावाला पुरेसं होतं. आणि प्रत्येक वेळी ते गेले की त्या गावाने एक चांगला डॉक्टर गमावला.

फुप्फुसातली सावली

हार्ट न्यू मेक्सिकोतल्या ऑल्बकर्कीच्या क्षयरोग सॅनिटोरियममध्ये कामाला लागले आणि तिथून त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. पुढे त्यांनी सॅरनॅक लेक इथल्या ट्रूडो स्कूलमध्ये क्षयरोगाचं खास शिक्षण घेतलं, इलिनॉयमधल्या रॉकफर्डच्या सॅनिटोरियममध्ये काम केलं, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रेडिओलॉजी शिकले आणि १९२९ मध्ये टकोमा जनरल हॉस्पिटलमध्ये रेडिओलॉजी विभागाचे प्रमुख झाले.

त्या काळचा क्षयरोग कसा होता, याची कल्पना करा. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये त्याचा जंतू शोधला होता, पण जंतू मारणारं औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन हे पहिलं परिणामकारक औषध हाती आलं ते १९४० च्या दशकात. तोपर्यंत उपचार म्हणजे विश्रांती, मोकळी हवा, सकस अन्न आणि काही रुग्णांत फुप्फुसाला आराम मिळावा म्हणून छातीत हवा भरून ते मुद्दाम दाबून ठेवणं. खोकला, ताप, थुंकीतून रक्त, खंगणं अशी लक्षणं घेऊन माणूस डॉक्टरकडे पोचायचा, तोवर बऱ्याचदा फुप्फुसाचा मोठा भाग गेलेला असायचा आणि घरातल्या चारजणांना लागण झालेली असायची.

डॉक्टरकडे तपासायला होता तो स्टेथोस्कोप. फुप्फुसातला छोटा डाग स्टेथोस्कोपला ऐकू येत नाही. एक्स-रेला तो दिसतो. एक्स-रेचे किरण हवेतून सहज पार जातात, म्हणून निरोगी फुप्फुस फिल्मवर काळं दिसतं. जिथे रोगाने फुप्फुस घट्ट झालं आहे तिथे किरण अडतात आणि पांढुरकी सावली उमटते. अनेकांत ही सावली खोकला सुरू होण्याच्या आधीच दिसू लागते.

एक्स-रेचा शोध १८९५ चा. त्या काळी त्याचा मोठा उपयोग हाडं पाहण्यासाठी आणि आधीच आजारी दिसणाऱ्या माणसासाठी होत असे. हार्ट आणि त्यांच्यासारख्या काही डॉक्टरांचं म्हणणं होतं की ठणठणीत दिसणाऱ्या माणसांचेही एक्स-रे काढा. रोग लवकर सापडला तर त्या माणसाला वेळेवर विश्रांती देता येईल आणि घरातली मुलंबाळं वाचतील. औषध नसताना हाच एक हुकमी उपाय होता.

आयडाहोचे 'छातीचे दवाखाने'

१९३० च्या दशकात हार्ट आयडाहो राज्यात क्षयरोगाच्या कामाला लागले आणि पुढे तिथल्या क्षयरोग नियंत्रणाचे प्रमुख अधिकारी झाले. आयडाहो म्हणजे डोंगर, लांबलांब पसरलेली शेतं, विखुरलेली गावं. शहरातल्या हॉस्पिटलपर्यंत येणं गरिबाला परवडणारं नव्हतं. म्हणून हार्ट यांनी एका जागी चालणाऱ्या आणि फिरत्या अशा दोन्ही प्रकारच्या तपासणी केंद्रांची सुरुवात केली. हजारो मैल प्रवास करून गावोगाव एक्स-रे तपासण्या घेतल्या, तिथल्या कर्मचाऱ्यांना शिकवलं, लोकांपुढे भाषणं केली.

मशीन पोचवणं एक वेळ सोपं होतं, लोकांना मशीनपुढे उभं करणं अवघड होतं. क्षयरोगाला तेव्हा मोठा कलंक चिकटलेला होता. हा रोग म्हणजे गरिबी, घाण आणि वाईट चालीचं लक्षण, असं समजलं जाई. दारावर टीबीची पाटी असती, तर आत जाताना आपल्याला कोणी पाहील या भीतीने लोक आलेच नसते. हार्ट यांचा त्यावरचा उपाय साधा होता. त्यांची केंद्रं छातीचे दवाखाने, ते स्वतः छातीचे डॉक्टर आणि येणारे लोक छातीचे पेशंट. हेच शब्द वापरायचे, असा त्यांचा आग्रह असे.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? नाव बदलून रोग थोडाच जातो? बरोबर आहे, जात नाही. पण माणूस तपासणीला येतो. आपल्याकडेही टीबीच्या तज्ज्ञाला लोक 'छातीचे डॉक्टर' म्हणतात. लोक माहितीच्या अभावामुळे दूर राहतात तसे लाजेमुळेही दूर राहतात, हे हार्ट यांनी ओळखलं होतं. एका चुकीच्या शब्दाने माणसाचं गाव सुटू शकतं, हा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता.

लिहिते डॉक्टर

हार्ट कादंबरीकारही होते. १९३५ ते १९४२ या काळात त्यांच्या चार कादंबऱ्या आल्या. 'डॉक्टर मॅलरी' या पहिल्या कादंबरीत छोट्या गावातली डॉक्टरकी आहे. वैद्यकीय व्यवसायातला पैशाचा लोभ आणि गरिबांच्या उपचारांची आबाळ यांवर त्यांनी स्पष्ट लिहिलं. 'द अनडाँटेड' या दुसऱ्या कादंबरीत एक रेडिओलॉजिस्ट आहे. तो समलिंगी आहे आणि त्यामुळे एकामागून एक नोकऱ्या सोडायची वेळ त्याच्यावर येते. ही वेदना कुठून आली असेल, हे तुम्हाला आता कळेल. स्वतःच्या नावाने सांगता येत नव्हतं, ते त्यांनी पात्राच्या तोंडून सांगितलं.

१९४३ मध्ये त्यांनी एक्स-रे आणि रेडियमवर सामान्य वाचकांसाठी सोप्या भाषेत पुस्तक लिहिलं. आरोग्याची माहिती पेशंटला त्याच्या भाषेत मिळाली पाहिजे, हा विचार त्यामागे होता. आम्ही डॉक्टर मंडळी आज अशा संकेतस्थळांवर जे करतो, ते हार्ट यांनी तेव्हाच सुरू केलं होतं.

शेवटची वर्षं

१९४८ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, हार्ट यांनी येल विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली. त्यानंतर कनेटिकट राज्याच्या क्षयरोग आयोगात रुग्णांचे उपचार आणि पुनर्वसन या विभागाची जबाबदारी सांभाळली आणि अखेरपर्यंत तेच काम केलं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी कृत्रिम टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक घेतलं. दाढी आली, आवाज भारदस्त झाला. पन्नाशीच्या आसपास त्यांना लोकांत वावरताना पहिल्यांदाच थोडं निर्धास्त वाटलं असेल.

१ जुलै १९६२ रोजी हृदय निकामी होऊन त्यांचं निधन झालं. वय ७१. आपलं स्मारक करू नये, खाजगी पत्रं आणि फोटो नष्ट करावेत, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. एडना १९८२ मध्ये गेल्या. दोघांच्या मागे राहिलेल्या पैशांतून ओरेगनमध्ये ल्युकेमियाच्या संशोधनासाठी निधी उभा राहिला. हार्ट यांच्या आईचा मृत्यू त्याच आजाराने झाला होता.

गिल्बर्ट यांच्या लेखातले 'एच' म्हणजे डॉ. हार्ट, हे इतिहासकारांनी १९७० च्या दशकात शोधून काढलं. सुरुवातीला त्यांना पुरुषाच्या वेशात वावरणारी स्त्री म्हटलं गेलं. पण त्यांनी सारं प्रौढ आयुष्य पुरुष म्हणून काढलं, म्हणून आज बहुतेक जण त्यांचा उल्लेख तसाच करतात.

तुमच्यासाठी काय?

हार्ट यांच्या गोष्टीतून काही व्यवहारातल्या गोष्टी घेऊन जा.

१. खोकल्याची वाट पाहू नका. भारतात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात एक्स-रे काढला नसता, तर ४२ टक्क्यांहून अधिक रुग्ण निसटले असते असं दिसलं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री घाम, थुंकीतून रक्त यांपैकी काही असेल तर तपासणी कराच. घरात कुणाला टीबी निघाला असेल, तर लक्षण नसतानाही सगळ्यांनी तपासून घ्या.

२. एक्स-रे म्हणजे निदान नव्हे. सावली जुन्या बऱ्या झालेल्या टीबीची, न्यूमोनियाची किंवा गाठीचीही असू शकते. म्हणून थुंकीची तपासणी लागते. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या चाचण्यांत जंतू आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, या दोन्ही गोष्टी काही तासांत कळतात.

३. एक्स-रेची भीती नको. छातीच्या एका एक्स-रेमध्ये मिळणारं किरणोत्सर्गाचं प्रमाण साधारण १० दिवसांत निसर्गातून आपल्याला मिळतं तेवढंच असतं. गर्भवती असाल तर मात्र आधी सांगा.

४. नोंदणीला घाबरू नका. आपल्याकडे २०१२ पासून प्रत्येक टीबी रुग्णाची नोंद सरकारकडे करणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. ही नोंद आरोग्य यंत्रणेसाठी असते, शेजाऱ्यांसाठी किंवा मालकासाठी नाही. तिच्यामुळेच तुम्हाला मोफत औषधं आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा १,००० रुपये मिळतात. औषधांनी बरा होणारा साधा टीबी सहसा सहा महिन्यांत बरा होतो, पण एकही दिवस गोळ्या चुकवू नका.

५. तुम्ही किंवा घरातलं कुणी ट्रान्सजेंडर असेल तर. कोणत्या नावाने हाक मारायची, हे डॉक्टरला मोकळेपणाने सांगा. संप्रेरकांची औषधं चालू असतील तर तीही सांगा, कारण रिफाम्पिसिनमुळे त्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. मनाने औषधं बंद करू नका. उपचार देताना भेदभाव करायला २०१९ च्या कायद्याने मनाई आहे.

आमच्यासारख्या डॉक्टरांसाठीही यात एक धडा आहे. पेशंट आमच्याकडे काही लपवतो तेव्हा आम्ही चटकन त्याच्यावर चिडतो. खरं तर आधी स्वतःला विचारायला हवं की सांगायला लाज वाटावी असं आम्ही काही बोललो का, आमच्या दवाखान्यात तसं काही घडलं का.

फाइलवर टीबी लिहायचा का, या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे. लिहायचा, कारण पुढच्या डॉक्टरला ते कळायला हवं. पण ती फाइल कुणाला दाखवायची, हे तुम्ही ठरवायचं. तुम्हाला इथे यायला भीती वाटू नये, ही जबाबदारी माझी. वेळेवर येणं, ही तुमची.